नखुरडं

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे साबणबाई म्हणत. ती तिथली मुख्य स्वयंपाकीण. आत पाऊल टाकणाऱ्यानं आधी हात धुवायचे, मग तोंड उघडायचं, असा तिचा खाक्या. ही बाई देवालाही हात धुवून ये म्हणेल, असं आचारी म्हणायचे.

पण त्या दिवशी तिची जीभ रेटली नाही.

तिची भावजय उकडलेले बटाटे सोलत होती. साबणबाईनंच तिला तीन महिन्यांपूर्वी इथं चिकटवलं होतं.

"हात धुतलेस?"

"धुतले की, वन्सं."

बेसिनजवळचा टॉवेल कोरडा ठाक होता. सकाळी आल्यापासून भावजयीच्या उजव्या हातात तोच रबरी हातमोजा होता. साबणबाईनं दोन्ही पाहिलं. पण आदल्या दिवशीच दोघींचं वाजलं होतं. चार लोकांत घालूनपाडून बोलता म्हणून भावजय रडली होती. आज पुन्हा नको, म्हणून साबणबाई चुलीकडे वळली. दही घालून कालवलेल्या बटाट्यांची परात खिडकीपाशी उन्हात चार तास राहिली.

दुपारची घंटा झाली. रांगेत पहिला नेहमीप्रमाणे तिचा धाकटा भाऊ.

"ताई, बायकोनं केलंय ना? मग वाढ सढळ हातानं!"

वाढपाची घाई चालू असताना भावजयीनं डाव पुढे केला आणि साबणबाईला मोज्याचा अंगठा फाटलेला दिसला. तिनं मनगट धरून तिला कोठीत ओढलं, मोजा उतरवला. अंगठा टरारून सुजला होता. नखाशेजारचं नखुरडं फुटून पू वाहत होता.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. साबणानं जीव जातो हो. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत."

साबणबाई धावतच बाहेर आली. "ताटं खाली ठेवा! एक घास घेऊ नका कुणी!"

"आता काय, जिभाही धुवायच्या?" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. भाऊ ताट चाटूनपुसून हात झटकत होता.

तिनं वाढलेली ताटं मोजली. एक्केचाळीस. परात कुलूपबंद करून ती थेट मॅनेजरकडे गेली. "चूक तिची," ती म्हणाली, "पण सकाळी मला संशय आला होता. मी बोलले नाही."

अडीचपर्यंत काहीच झालं नाही. मग एक फिटर पोट धरून पायरीवर बसला. त्याच्यामागून दोघांनी काखेत धरून भावाला आणलं. चेहरा पांढराफटक, शर्ट ओकारीनं भिजलेला. भावजय त्याच्याकडे झेपावली आणि मधेच थबकली. आपला हात तिनं पदरात लपवला.

संध्याकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर साबणबाईसमोर येऊन उभे राहिले.

"एकूण किती जणांनी खाल्लं होतं?"

"एक्केचाळीस."

डॉक्टरांनी हातातली यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"माझ्याकडे एकोणीसच आलेत," ते म्हणाले. "बाकीचे कुठे राहतात, माहीत आहे तुम्हाला?"