एल्झी, एक्सपाउंड कर

केंटकीच्या डोंगरातल्या त्या चर्चमध्ये प्रवचनाची तयारी करून येणं पाप मानत. म्हाताऱ्या ब्रदर एनॉसनी बोट दाखवायचं आणि ज्याच्याकडे बोट, त्यानं उठायचं. आज बोट एल्झीकडे वळलं.

“‘खोटी साक्ष देऊ नको’ ही देवाची आज्ञा घे,” एनॉस म्हणाले. “एक्सपाउंड कर.”

एल्झी पुढचा बाक धरून उठला. नुसती वाचायची असती, तर त्यानं वाचली असती. थोडक्यात समजावून सांगायची असती, तरी निभावलं असतं. पण एक्सपाउंड करायचं म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून एकेका शब्दाचा पदर उलगडायचा, पार शेवटापर्यंत, आणि तोंडाला आवर घालायचा नाही. त्या वेळी देवच बोलतो म्हणे. आणि गेल्याच आठवड्यात एल्झीनं खाणमालकाच्या धाकानं कोर्टात शपथेवर खोटं सांगितलं होतं, की कोसळण्याआधी खाणीचं छत भक्कम होतं.

“खोटी साक्ष म्हणजे...” तो पुन्हा पुन्हा तेच तीन शब्द म्हणत राहिला.

त्या छताखाली सापडून मेलेल्या क्लेटसची बायको व्हर्डी पुढच्याच बाकावर बसली होती. ती मायेनं म्हणाली, “घाबरू नको रे लेकरा. सगळी आपलीच माणसं आहेत. सावकाश उलगड.”