चुकीच्या ड्रायव्हरचा मोडेम

मित्रांनो, भंगारात पडलेली ही हिरवी पट्टी म्हणजे मी, टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारा एक जुना मोडेम. आमच्यात तीन प्रकार असत. पहिल्याजवळ सगळं काम करणाऱ्या चिपा स्वतःच्याच. दुसरा तारेतला आवाज स्वतः उलगडी, पण हुकूम कॉम्प्युटरकडून घेई. मी तिसरा, सगळ्यांत स्वस्त. आवाज उलगडणं असो की नंबर फिरवणं, माझं सारं काम कॉम्प्युटरच करी, ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने. प्रत्येक चिपचा ड्रायव्हर वेगळा. चुकीचा घातला की मी मुका.

२००३ साली शेलार गावच्या लडकूशेठांनी मला घरी आणलं. त्यांचा मुलगा भाविक मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्याचे मेल माझ्यातूनच येत. मी किंचाळत जोडणी करू लागलो, की शेठाणी हौसाबाई हसून म्हणत, "आला माझा पोर!" तेवढं कौतुक मला पुरे होतं.

एके दिवशी त्या जहाजाला आग लागली. कंपनीने फोनवर एवढंच सांगितलं, की वाचलेल्यांची नावं मेलने पाठवतो. आणि मी मुका होतो! सकाळीच निजामपुऱ्यात कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अनंताने व्हायरस आला म्हणून कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला होता. घाईत त्याने मला दुसऱ्या प्रकारच्या मोडेमचा ड्रायव्हर दिला आणि जोडणी न तपासताच निघून गेला.

लडकूशेठांनी त्याला दुकानातून गचांडी धरून आणलं. "चालू कर!" अनंता वाकला तोच पाठीत लाथ बसली. तो टेबलावर आपटला, ओठ फुटला.

"शेठ, जरा थांबा, बघतो..."

"माझा पोरगा हाय का न्हाय ते कलंना, नि तू थांबा म्हनतोस?"

शेठांनी लोखंडी सळई उचलली. अनंताचा उजवा हात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर होता, आत मी. घाव तिथेच बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी पत्र्याआडून ऐकला. फटीतून रक्त माझ्यावर ठिबकलं.

हौसाबाई मध्ये पडल्या. दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर आला, तरी त्यांनी सळई घट्ट धरली. "मला मारा! पन याला मारून पोराचा निरोप येनार हाय का?"

शेठ मटकन खाली बसले.

"उन्नती, झाकण काढ," अनंता शेठांच्या मुलीला कण्हत म्हणाला. "हिरव्या पट्टीवरच्या मोठ्या चिपवर काय लिहिलंय?"

तिने झाकण काढून अक्षरं वाचली. अनंताने डाव्या हाताने खांद्यावरच्या पिशवीतली योग्य सीडी काढून दिली. थोड्या वेळाने मी किंचाळलो.

भाविकचं नाव यादीत होतं. भाजला होता, पण जिवंत होता.

उन्नती वाचता वाचता रडू लागली. लडकूशेठ हात जोडायला अनंताजवळ सरकले. अनंता दचकून भिंतीला चिकटला. शेठ तिथेच थबकले. हौसाबाईंनीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पुढे ब्रॉडबँड आलं आणि मला उपटून टाकलं. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. मित्रांनो, बिघडलेल्या यंत्रापाशी राग आला, तर आधी हात आवरा, मग झाकण उघडा. माझ्यासारखा मोडेम दुसरा मिळतो. अनंताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.