पुतळाआत्याची गाडी

घणसोली गावात सायकल म्हणजे वॉचमनची, नाहीतर पेपर टाकणाऱ्याची, हे एकदा ठरून गेलेलं. दारात मोठी काळी गाडी, गळ्यात बोटाएवढी चेन आणि हळदीला स्पीकरची भिंत असली की तो माणूस. सायकलवर दिसला तर उद्या त्याच्या घरात सोयरीक कोण जोडणार? आणि अशा गावात कमळाकरशेटची इंजिनियर झालेली जागृती घराखालच्या गाळ्यात विजेवर चालणाऱ्या सायकली जोडत बसायची. बापाच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत तर काय होईल!

"दसऱ्यापरयंत थांबतंय," कमळाकर म्हणाला होता. "मंग गाला हौसेरावला. त्याच्या पोराला मोबाईलचं दुकान टाकायचं हाय. आपल्या गावातलं एक तरी मानूस तुझ्या सायकलवर दाव मना, मंग बोल."

'आपल्या गावातलं' हा शब्द त्यानं मुद्दाम घातला होता. टॉवरमधल्या काही हौशी मंडळींनी तिच्या सायकली नेल्या होत्या, पण त्या फक्त रविवारी पाम बीच रोडला फोटो काढायला बाहेर पडायच्या आणि सोमवारी पार्किंगमध्ये धूळ खायच्या. तेवढ्यावर दुकान चालत नाही हे जागृतीला बापाआधी कळत होतं. तिला रोजचं माणूस हवं होतं. भाजीला, बँकेत, पोराला शाळेत सोडायला जाणारं. आणि ही काही रडत बसणारी पोरगी नव्हे. तिनं सरळ गावातलं सगळ्यात अवघड माणूस गाठलं.

पुतळाआत्या ही कमळाकरची थोरली बहीण. नवरा गेल्यावर एकटीनं चाळी उभ्या केल्या, भाडेकरू सांभाळले, भल्याभल्या बिल्डरांना दारातून परत पाठवलं. तिनं नव्या रंगाचं लुगडं नेसलं की पुढच्या हळदीत निम्मं गाव त्याच रंगात. तिच्या खोल्या गावभर विखुरलेल्या, आणि गल्ल्या अशा की रिक्षावाला आत बघूनच मान हलवतो. गुडघे तर केव्हाचे कुरकुरायला लागलेले. स्कूटर शीक म्हटलं तर लायसनच्या परीक्षेला बसायचं नाही म्हणून हटून बसलेली.

"आत्या, हिला लायसन नको, नंबरप्लेट नको," जागृती म्हणाली. "पॅडल मारलंस की मोटर आपोआप जोर लावते. गुडघ्याला पत्ताही लागणार नाही."

आत्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली, बैल विकत घेताना मारतात तशी. "आनि लुगरं? ते चेनीत गेलं तर? या दांड्यावरून टांग टाकू काय मी, या वयात? आनि तो मोबाईल कशाला लावलास गो पुढं?"

दुसरी एखादी असती तर तोंड पाडून बसली असती. जागृतीनं पान्हा उचलला. मधला दांडा काढून खालून वळलेली चौकट जोडून घेतली, चेनीवर बंद पेटी बसवली, मागच्या चाकाला जाळी लावली, पुढं मासळीची पाटी बसेल असं कॅरियर केलं. मोबाईल, ॲप, चमकणारं मीटर सगळं उडवलं. ठेवलं एकच बटण, दिव्यासकट. बॅटरी अशी केली की चावी फिरवली की डब्यासारखी हातात यावी, वरच्या मजल्यावर नेऊन मिक्सरच्या प्लगला लावता यावी. मग आत्यानं संध्याकाळी खाडीकडच्या रस्त्यावर ती गुपचूप चालवून बघितली. परत आली तेव्हा दम लागलेला नव्हता, पण हसू काही आवरत नव्हतं.

"दसऱ्याला पूजा करून गावातून काढतंय," तिनं जाहीर केलं.

झालं! जागृतीला आनंद झाला, पण आता सगळं त्या एका फेरीवर होतं. आत्या थाटात गावदेवीपर्यंत गेली तर गाळा वाचला. मध्येच फसली, तर घणसोलीत पुन्हा सायकलचं नाव कुणी काढणार नाही.

दसऱ्याला सकाळी गल्लीत गाड्यांची रांग लागली. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, नारळावर नारळ. रांगेच्या टोकाला जागृतीच्या चुलतभावाची, मितेशची बुलेट, आणि तिच्या शेजारी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, पुतळाआत्याची सायकल. आत्या हिरव्या लुगड्यात, अंगावर ठेवणीतलं सोनं. कमळाकर पांढऱ्या कपड्यांत लांब उभा होता, जणू या बाईची नि आपली ओळखच नाही.

आत्या सीटवर बसली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवासुद्धा लागेना.

"वाट लागली!" मितेश खिदळला. "आत्या, धक्का देऊ काय?"

गल्ली हसली. रात्री बॅटरी भरलेली होती, वायरी जागृतीनं स्वतः तपासल्या होत्या. आत्या आता उतरणार, बापाकडं बघणार आणि सगळं संपणार, असं तिला स्पष्ट दिसलं.

आत्या बिलकुल उतरली नाही. तिनं पदर खोचला, पॅडलवर पाय ठेवला आणि दिली एक टाच. सायकल निघाली की!

"अरे मितेश," ती मागं वळून ओरडली, "तुझी बंद परली की तू तिला ढकलत नेतस. माझी बंद परली तरी मना घेऊन जाते!"

आता गल्ली हसली ती मितेशकडं बघून. पोरं शिट्ट्या मारत आत्याच्या मागं धावली. जागृतीही धावली. इतके दिवस ती मोटरचं कौतुक सांगत हिंडत होती, आणि खरं कौतुक आत्यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

गावदेवीच्या देवळापाशी आत्या दम खात उभी होती. जागृतीनं चावी फिरवून बॅटरी काढली आणि बघतच राहिली. खालच्या पितळी टोकांवर हळदकुंकवाचा जाड लेप, वाळून घट्ट झालेला. वीज जाणार कुठून, कपाळातून?

"आत्या! हे काय केलंस?"

"काय म्हंजे? काल देवाऱ्यात ठेवलेली तिला. कोयता, विळी, तराजू, सगल्यांची पूजा केली, मंग हिची नको करू? गारीचा जीव हिच्यात हाय, तूच बोललीस ना? तो पितळंचा भाग चमकत होता, तिथंच टिला लावला."

जागृती चिडणारच होती, पण राग टिकेना. तिच्या कामाला घरात खेळ म्हणायचे, भानगड म्हणायचे. आणि या बाईनं ते आपल्या आजेसासूच्या कोयत्याशेजारी देवापुढं मांडलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिनं ओढणीनं आधी ते पुसले, मग पर्समधलं सॅनिटायझर ओतून ती पितळी टोकं. बॅटरी खट्कन बसली. दिवा लागला.

परतीचा रस्ता चढाचा. आत्या बसल्या बसल्या, एका हातानं घंटी वाजवत, लुगड्याचा काठही न हलू देता वर आली. तिच्या चाळीतली भाडेकरीण रखमा वाटेतच आडवी आली. "आत्या, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. ती बॅटरी मला उचलंल का?" आत्यानं बॅटरी काढून तिच्या कडेवरच दिली. मग शेजारच्या उज्ज्वलावहिनी आल्या, पोराला मागं बसवता येईल का विचारत. जागृती उत्तरं देत होती आणि डोक्यात पुढची बॅटरी जुळवत होती: टोकांना झाकण, आणि वर एक गोल, गुळगुळीत पितळी चकती, टिळ्यासाठी.

गर्दी ओसरली तेव्हा कमळाकर सायकलजवळ आला. घसा खाकरला.

"सीट जरा वर घे."

"कुणासाठी?"

"घे बोललो ना!"

तिनं सीट वर घेतली. कमळाकरशेट पांढऱ्या कपड्यांत, सोन्याच्या चेनीसकट बसले, डगमगले, सावरले आणि गल्लीच्या तोंडाशी दिसेनासे झाले.

तेवढ्यात हौसेराव पेढ्यांचा पुडा घेऊन गाळ्याच्या दारात हजर. साताऱ्याकडचा माणूस, तुर्भ्याच्या बाजारात हमाली करून पोराला शिकवलेला. "शेट हायेत का? म्हनलं, दसऱ्याचा मुहूर्त हाय, चावी घ्यावी."

जागृतीनं नजर खाली घातली नाही. "पप्पा चक्कर मारायला गेलेत, काका. आणि गाळा मी सोडत नाही. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण सोडत नाही."

हौसेराव गोंधळून पुडा या हातातून त्या हातात करायला लागला. कमळाकर यायचं नाव नाही. बऱ्याच वेळानं घंटी वाजली. शेट आले ते केस विस्कटलेले, टोपी खिशात, तोंडावर शाळेतून पळालेल्या पोराचं हसू. त्यांनी हौसेरावला बघितलं, पेढा उचलून तोंडात टाकला आणि सायकल त्याच्यापुढं उभी केली.

"हौसेराव, पोराला आत्याच्या चालीत गाला देतो, नाक्यावर हाय, चांगला चालंल. या गाल्यात माझी पोर बसते. आनि तू पहाटं तुर्भ्याला कशानं जातस रं? शेअर रिक्षानं? बस हिच्यावर. बस म्हनतंय ना! लायसन नको, कायबी नको."