भट्टीवर पडलेली सावली

सकाळचे आठ वाजले की त्या गल्लीत हातोड्यांचा ठणठणाट सुरू होई. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं जळजळीत पाणी गटारात सोडायचं, जाळ्या काढून कढईत वितळवायच्या आणि शिशाच्या विटा पाडायच्या, हा अकरा घरांचा धंदा. पुरुष हातगाड्या घेऊन बॅटऱ्या गोळा करायला जात आणि अंगणातल्या भट्टीपाशी बायका बसत. वितळलेल्या शिशावरची मळी झाऱ्याने अलगद काढावी लागते, त्याला म्हणे बाईचाच हात हवा. बाईचा हात कुठे हवा आणि कुठे नको, हे ठरवायला पुरुषांना वेळ बरा मिळतो!

त्या वेळी त्यातल्या एका घरातली थोरली सून शेळ्या घेऊन मागच्या दाराने टेकडीकडे निघालेली असे. चार वर्षांपूर्वी तिला 'मागे बसवलं' होतं. हा गल्लीतलाच शब्द. जिचं मूल पोटात टिकत नाही किंवा जन्मून जगत नाही, तिने मागच्या खोलीत राहायचं. ताट वेगळं, घागर वेगळी. तिची सावली कढईवर पडली तर घाणा, म्हणजे कढईतलं सगळं शिसं, नासतो, तो ओतून द्यायचा आणि तीन दिवस भट्टी पेटवायची नाही. म्हणून तिने अंगणात पाऊलही ठेवायचं नाही.

थोरलीची तीन मुलं गेली होती. दोन पोटातच, तिसरी मुलगी नऊ दिवसांची होऊन. "स्वतःची पोरं खाल्लीस, कैदाशिणी!" असं सासूबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या होत्या. ते ऐकून ती रडली, आणि पुढे हळूहळू तिला ते खरंच वाटू लागलं. त्या घरातली सर्वांत वाईट गोष्ट हीच होती.

नवरा दिवसातून एकदा भिंतीपलीकडून विचारी, "शेळ्या आल्या का?"

"आल्या."

झालं, संपला संसार! बाकीचं बोलणं ती शेळ्यांशी बोले. त्यातली नकटी तिची विशेष लाडकी. ही नकटी अंगणात बांधलेली असताना, गटाराकडेचं गवत खाऊन, लागोपाठ दोनदा गाभडली होती. "हिलाही घेऊन जा मागे, दोघी एका माळेच्या," असं म्हणून सासूबाईंनी तिचं दावं थोरलीच्या अंगावर फेकलं होतं. टेकडीवर चरायला लागल्यावर मात्र नकटीला जुळी पिल्लं झाली, तीही अशी द्वाड की दिवसभर थोरलीचा पदर ओढत बसत.

एका दुपारी धाकटी जाऊ चोरपावलांनी मागच्या दाराशी आली. लग्नाला वर्ष झालं होतं, सहावा महिना चालू होता, आणि थोरलीच्या रिकाम्या जागी भट्टीपाशी आता तीच बसे.

"जाऊबाई, पोटात मुरडा येतो हो. आणि हे बघा." तिने उजवा हात पुढे केला. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता. "झारा धरवत नाही."

थोरलीने तो पंजा निरखून पाहिला. "तोंडाला चव कसली येते?"

"खिळा चघळल्यासारखी. तुम्हाला कसं कळलं?"

"घरात सांगितलंस?"

धाकटीने मान खाली घातली. "सासूबाई म्हणाल्या, तुम्ही माझ्याकडे बघता म्हणून होतं."

थोरलीने झटकन तोंड फिरवलं. "जा बाई, जा. इथे थांबू नकोस."

दार लावून ती आत बसून राहिली. खरंच आपल्या नजरेत काही असेल का? मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. चार वर्षांपूर्वी हा हातही असाच लोंबत होता. तोच मुरडा, तीच चव. आता हाच हात टेकडीवरच्या विहिरीतून भरलेली घागर आणत होता. बाहेर नकटी ओरडली.

"काय गं," थोरली तिला म्हणाली, "तुझा पायगुण बदलला, की चरायची जागा बदलली?"

आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, जागा तर आपलीही बदलली होती.

दिवेलागणीच्या आधी तिने मधल्या दाराशी उभं राहून सासूबाईंना हाक मारली. "एक विचारायचंय. माझे हे आणि भाऊजी झाले, तेव्हा अंगणात भट्टी होती?"

"भट्टी कुठली? तेव्हा तुझे सासरे टोपल्या विणायचे. भट्टी नंतर आली."

"भट्टी आल्यावर तुम्हाला दिवस गेले होते?"

सासूबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला. तो हात अलीकडे सारखा कापत असे. सूप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "दोनदा. दोन्ही गेली. हे दोन मुलगे आधीच पदरात होते, म्हणून कुणी काही बोललं नाही."

"मग तुम्हाला ठाऊक होतं!"

"ठाऊक असून काय करणार होते? भट्टी विझली तर चूल कशावर पेटेल? तोंड मिटून बस."

दुसऱ्या दिवशी शेळ्या सुटल्या नाहीत. धाकटी कढईपुढे बसली होती, नवरा आणि दीर हातगाडी बाहेर काढत होते. थोरली मधलं दार ओलांडून थेट अंगणात आली आणि सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची लांबलचक सावली कढईवर आडवी पडली.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?" नवरा ओरडला. "घाणा नासवलास!"

"नासला ना? मग ओता. तीन दिवस भट्टी बंद. चौथ्या दिवशी मी परत येईन."

दीर पुढे सरसावला. "सावलीबिवली काही नसतं! वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. अगं, तू बस, मळी काढ." असं तो बायकोवर खेकसला.

"काही नसतं म्हणता, भाऊजी?" थोरली शांतपणे म्हणाली. "मग चार वर्षं मी मागे कशाला बसले? सावलीत विष असेल तर भट्टी विझवा. नसेल तर माझं ताट पुढच्या घरात मांडा, आणि माझी पोरं कशाने गेली ते शोधा. दोन्ही गोष्टी तुमच्याच खऱ्या कशा होतील?"

अंगणात शिशाचा धूर पसरत होता.

"ऊठ," ती धाकटीला म्हणाली. "शेळ्या घे आणि टेकडीवर जा. वरच्या विहिरीचं पाणी पी. उद्या आपण दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जाऊ, हात दाखवायला."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई ओसरीवरून उतरल्या, तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि नकटीचं दावं तिच्या हाती दिलं.

पुरुष शिव्या घालत, घाणा ओतून आणि भट्टी विझवून निघून गेले. सासूबाई आत गेल्या. भट्टी पुन्हा कुणी पेटवू नये म्हणून थोरली तिथेच उभी राहिली. ऊन सरकलं तशी तीही सरकली. चार वर्षांनी अंगणात आली होती, पण शेजारपाजारचं कुणी जवळ आलं नाही. फटाफट दारं लागली.

"मी नाही खाल्ली माझी पोरं," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदा मोठ्याने म्हणाली, समोरच्या बंद दारांना ऐकू जावं म्हणून. आणि तिथेच भरल्या गल्लीत ढसाढसा रडली.

समोरच्या घराच्या मागच्या खोलीत आठ वर्षांपासून एक बाई अशीच बसवलेली होती. ती मधल्या दाराच्या फटीतून हे सगळं पाहत-ऐकत होती. थोड्या वेळाने ती उठली आणि मधल्या उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या अंगणात भट्टी पेटलेली होती आणि तिची लहान नणंद कढईपुढे बसली होती.