पान एकेचाळीस

एल्यूतेरियो मास्तरांनी राजीनामा तिसऱ्यांदा खिडकीतून आत सरकवला. क्लोतिल्देने तो तिसऱ्यांदा बाहेर सरकवला. नगरपालिकेत कारकून होण्याआधी ती त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसायची.

"मास्तर, गावाचा इतिहासकार मरेपर्यंत इतिहासकार. एक रात्रही बाहेरगावी झोपायचं नाही. नियम आहे."

"कुणाचा?"

"तुमचाच. नोंदवही, पान एकेचाळीस."

तेव्हाच्या नगराध्यक्षाला या जागेवर आपला मेहुणा बसवायचा होता, म्हणून मास्तरांनी केलेला नियम. मेहुणा केव्हाच वारला. मास्तरांची मुलगी वेराक्रूसला खोली झाडून अकरा वर्षं वाट बघत होती. बस दोनला होती.

त्यांनी गावाची नोंदवही मागून घेतली. वहीत आलं की ते खरं, असं तेपालक गावात सगळेच मानत. एकदा नकाशात त्यांच्या हातून ओढा चर्चच्या उजवीकडे गेला, तर पूलही उजवीकडेच बांधला गेला. लोक अजून कोरड्या जमिनीवरून कठडा धरून जातात.

मास्तरांनी लिहिलं, 'आज सकाळी अकरा वाजता इतिहासकार एल्यूतेरियो ओर्दोन्येस वारले. त्रास झाला नाही.'

क्लोतिल्देने वाचून छातीवर क्रूस काढला.

"वाईट झालं. चांगले होतात तुम्ही."

"पहिल्या बाकाला जरा जास्त मारायचो."

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," ती म्हणाली आणि शिक्का उठवला.

मास्तर बॅग घ्यायला घरी आले, तर अंगणात दुखवट्याच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शेजारच्या रेमेदियोसमावशींनी कॉफी आणि गोड पाव पुढे केला.

"खाऊन घ्या. प्रवास लांबचा."

दीडला क्लोतिल्दे आली.

"तुमच्या मुलीला फोन केला. निघाली ती."

"अगं, मीच निघालोय तिच्याकडे."

"ती नेमणुकीला येतेय. इतिहासकार गेला की जागा पोटच्या लेकराला. तीही मरेपर्यंत. पान बेचाळीस."

मेहुण्याच्या धास्तीने तेही त्यांनीच लिहिलं होतं.

घाटाच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. मास्तरांनी पाव खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली.

"वही आणलीस?"

तिने काखेतली वही दिली. पेनचं टोपणही काढून दिलं.

त्यांनी सावकाश लिहिलं, 'दुपारी पावणेदोन वाजता इतिहासकार जिवंत झाले. प्रकृती ठीक.'

शिक्का उठला. कुणाला काही नवल वाटलं नाही. मावशी खुर्च्या गोळा करू लागल्या.

"तिला सांग, आहे तिथूनच परत फिर," मास्तर म्हणाले.

बस दारासमोर हळू झाली. ड्रायव्हरने टोपी काढली, मास्तरांकडे बघून मान लववली आणि गाडी पुढे नेली. त्याच्यापर्यंत अजून सकाळचीच नोंद पोचली होती.