वकिलाच्या दाढा

आमच्या घरात कधीही या, पंधरा-वीस खुर्च्या असतात आणि बसायला एकही नसते. मी वेताच्या खुर्च्या विणते. लोकांच्या फाटलेल्या, खचलेल्या बैठका काढायच्या आणि नव्या विणून द्यायच्या. आलेल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधून ती भिंतीला लावून ठेवायची, हा माझा शिरस्ता. घरी कुणी आलं की आधी चिठ्ठी वाचतं आणि निमूटपणे पलंगावर बसतं. नवऱ्याची नोकरी फिरतीची. तो आला की थेट आडवाच होतो, त्यामुळे त्याला खुर्चीची गरज कधी पडली नाही.

सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले, ते एक बॅग आणि एक ससा घेऊन. बाबा कोर्टात टंकलेखक होते. सगळी हयात वकिलांची बडबड टंकण्यात गेली, म्हणून सशाचं नाव वकील. "याचं तोंड बघ," बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पक्षकार असो नसो, चालूच." एवढं एकच लांब वाक्य. त्यानंतर वर्षभर बाबा मोजूनमापून बोलले. वेताची भेंडोळी ज्यात येतात ते खोकं खिडकीपाशी उपडं घालून त्यावर बसायचे. पलंगावर बसा म्हटलं तर "नको, इथे बरं आहे." जेवायला काय करू विचारलं तर "काहीही." चहा मी देईन तसा प्यायचे आणि कप स्वतः विसळून ठेवायचे. मला वाटायचं, माणूस मुळातच अबोल आहे. मी बोलायला बसले की तसाही दुसऱ्याचा नंबर लागत नाही.

वकिलाला मात्र वेताची भारी चटक. एकदा एका मुख्याध्यापिकेची खुर्ची विणून पुरी केली, शेवटची गाठ मारली, पाणी प्यायला आत गेले आणि परत येते तर बैठकीचा एक अख्खा कोपरा वकिलाच्या पोटात. माझा पारा चढला.

"बाबा, हा ससा आहे का वाळवी? आता या घरात एक तर हा राहील नाहीतर माझ्या खुर्च्या!"

बाबांनी वकिलाला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाले, "पुन्हा नाही होणार."

माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध. गॅस बंद केला की खाली बसतं. ओट्यावर डाग पडलेत हे दुसऱ्या दिवशी दिसतं. संध्याकाळपर्यंत मी सगळं विसरूनही गेले होते.

आणि खरंच पुन्हा झालं नाही. वकील सुधारला. खुर्च्यांच्या मधून फिरायचा, वेताचा वास घ्यायचा आणि पुढे जायचा. मी शेजारणीला फुशारकीने सांगितलं, "एकदाच ओरडले, एकदाच! नवऱ्याला नाही लागलं इतक्या वर्षांत ते वळण सशाला लागलं." बाबा म्हणायचे, "मी समजूत घातली त्याची." दोघंही आपापल्या जागी खूश होतो.

मग एक दिवस वेत भिजवताना माझं लक्ष गेलं. वकील पाण्याच्या टबापाशी आला, वेताचं टोक तोंडात धरलं, आणि चटका बसल्यासारखं टाकून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा टाकलं. त्याची हनुवटी ओली होती. मला वाटलं पाणी प्यायला असेल. दुसऱ्या दिवशी हनुवटीबरोबर गळाही ओला, केस चिकटलेले. लेंड्या अगदी बारीक. बाबांनी केळ्याची चकती पुढे केली तर त्याने तोंड फिरवलं, कोपऱ्यात पाठीचा उंचवटा करून बसला आणि करकर दात खायला लागला. मी त्याला उचलला. अंगावर केस भरपूर म्हणून कळलं नव्हतं, पण हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"बाबा, चपला घाला," मी म्हणाले.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती आणि तिचे हात शांत होते. वकिलाला टॉवेलात गुंडाळून तिने तोंडात दिव्याची बारीक नळी घातली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"पुढचे दात तर छान दिसतायत," मी आपलं माझं ज्ञान पाजळलं.

"दाखवायचे तेच असतात," ती म्हणाली. "त्रास मागे आहे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. वाळलेलं गवत दिवसभर चावलं की झिजतात. याच्या दाढा झिजल्याच नाहीत. त्यांना टोकं फुटलीत आणि ती जिभेत रुततायत. भूक आहे त्याला, पण तोंड हलवलं की टोचतं. गवत खात नाही का हा?"

"खातो की! मी गठ्ठेच्या गठ्ठे आणते," मी म्हणाले. बाबा टॉवेलाच्या काठाकडे बघत होते.

आपलेच दात आणि आपलीच जीभ, तक्रार कुणाकडे करणार? वकील शहाणा झाला म्हणून मी गावभर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, आणि त्या बिचाऱ्याचं तोंड दुखत होतं.

आधी सलाईन आणि दुखण्यावरचं औषध देते, मग भूल देऊन टोकं घासून काढते, असं डॉक्टरने सांगितलं. सशाला भूल देण्यात धोका असतो, तेही तिने लपवलं नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर एक बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती.

"गवत मी टाकून देत होतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"खालच्या बागेत, पालापाचोळ्यात. त्याला पाव द्यायचो, पाण्यात भिजवून. केळं. उकडलेलं गाजर. म्हटलं, पोट भरलेलं राहील आणि चावायची सवयच मोडेल. मग वेताला तोंड लावणार नाही."

"अहो पण इतकं कशासाठी?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू म्हणालीस, एक तर हा राहील नाहीतर खुर्च्या. खुर्च्या राहणारच, तुझं काम आहे ते. मग हा जाणार. आणि हा गेला की पुढचा नंबर कुणाचा, ते मला कळत होतं." मग घाईघाईने म्हणाले, "राग नाही हं. दुसऱ्याच्या घरी राहायचं तर माणसाने जपून असावं."

दुसऱ्याच्या घरी! मला असा संताप आला की बोलायला शब्द सापडेना, आणि माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच होत होतं. रागाच्या आत काहीतरी दुखत होतं. वर्षभर हा माणूस माझ्या घरात खोक्यावर बसून, कप विसळून, मोजून बोलून स्वतःची जागा सांभाळत होता, आणि मी त्याला अबोल समजत होते. तोंड उघडणार तेवढ्यात दार उघडलं.

"भूल उतरली," डॉक्टर म्हणाली. "दाढा साफ झाल्या. पण जिभेला जखम आहे. ती भरेपर्यंत हे पातळ खाणं पिचकारीने भरवा, पोट रिकामं राहता कामा नये. गवत सतत समोर ठेवा. तो आपणहून चावायला लागला तर जिंकलो. दोन-तीन दिवसांत नाही लागला, तर घेऊन या."

"आणि वेत कुरतडला तर?" बाबांनी चोरट्या आवाजात विचारलं.

"पॉलिश नसलेला असेल तर थोडासा चालेल," ती हसली. "त्याने तोंड चालवायला हवंय. हल्ली कुणी नुसता गप्प बसला की आम्हाला काळजी वाटते."

मी बाबांकडे बघितलं. नुसतं बोलून हे भागण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा वकिलाला धरायचे आणि मी पिचकारी त्याच्या तोंडात बाजूने सारायचे. निम्मं खाणं त्याच्या पोटात, निम्मं आमच्या कपड्यांवर. भरवून झालं की मी कामाला बसायचे. माळ्यावर एक जुना सांगाडा पडून होता, सागवानी, दोन्हीकडे हात टेकायला रुंद पट्ट्या. भंगारातून मी तो हौसेने आणला होता आणि इतरांच्या खुर्च्या विणता विणता विसरले होते. तो घासला. वेतही चांगल्यातला काढला.

"कुणाचं घाईचं काम दिसतंय," खोक्यावरून बाबा म्हणाले.

"आहे एक गिऱ्हाईक."

"फार कटकट करतं का?"

"कटकट केली असती तर बरं झालं असतं. एका शब्दाने काही सांगत नाही."

"अशी गिऱ्हाइकं वाईट," बाबांनी मान हलवली. "कोर्टात असे साक्षीदार असत."

मी खाली मान घालून विणत राहिले. हसू दाबताना माझ्या दोन पट्ट्या चुकल्या आणि पुन्हा उसवाव्या लागल्या.

वकील काही गवताला तोंड लावेना. काड्या हुंगायचा आणि बसून राहायचा. बाबाही त्याच्याशेजारी बसून राहायचे. एकदा तर त्याला दाखवायला म्हणून स्वतःच एक काडी चावताना मी त्यांना पकडलं.

खुर्ची पुरी झाली, तशी ती खिडकीपाशी ठेवली आणि खोकं उचलून मागच्या गॅलरीत टाकलं. बाबा दाढी करायला गेले होते. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते, आणि बाहेरून आवाज आला. कर्र. थांबला. कर्र, कर्र, कर्र.

मी पळत आले. वकील मागच्या पायांवर उभा होता, पुढचे दोन्ही पाय नव्या बैठकीवर टेकलेले, आणि कोपऱ्याचा वेत मन लावून खात होता. तोंड असं चाललेलं की खटला एकतर्फी जिंकणार.

"बाबा!" मी किंचाळले. "बाबा, धावा! वकिलाने खुर्ची खाल्ली!"

बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन धावत आले. समोरचं बघितलं आणि त्यांचा उरलेला अर्धा चेहराही पांढरा पडला. "अरे देवा. सॉरी, सॉरी. मी सांगतो त्यांना, माझीच चूक म्हणून. कुणाची आहे?" ते गुडघ्यांवर बसले आणि चिठ्ठी शोधायला लागले. एक पाय बघितला, दुसरा, तिसरा, चौथा. मग पुन्हा पहिला. "चिठ्ठी कुठे गेली? चिठ्ठीपण खाल्ली का याने?"

"घरच्या खुर्चीला चिठ्ठी कशाला बांधू, बाबा?"

खुर्चीच्या पायावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. वकील आपला खातच होता. मग बाबा उठले, जिथे खोकं असायचं तिकडे एकदा बघितलं आणि खुर्चीत बसले. आधी टोकावर, आणि मग मागे टेकून, दोन्ही हात पट्ट्यांवर पसरून. साबणाचा एक ओघळ मानेवर उतरला, तो त्यांनी पुसला नाही. मला रडू येत होतं, पण मी दात काढत उभी होते.

"चहा टाक गं," बाबा म्हणाले. "आणि साखर जरा जास्त घाल. वर्ष झालं, फिक्का पितोय."