नवसाचा चुडा

"काचेच्या बांगड्या होडीत चालत नाहीत, मावशी. काढून ठेवा," रिजवान म्हणाला आणि दीपमालाचे दोन्ही हात आपोआप पदराआड गेले.

दांडेलीच्या जंगलात काळी नदीच्या काठी ती उभी होती. साडीवर नारिंगी फुगीर जाकीट. मुलगा धैर्यशील आणि सून सोनम आत्ताच मोठ्या राफ्टमधून खळाळत्या पाण्यात जाऊन आले होते, ओलेचिंब. आता खालच्या संथ पाण्यात तिची आणि नवऱ्याची, मानसिंगची पाळी होती.

"हवेची होडी आहे. काच लागली तर रबर फाटतं, तुमचा हातपण कापेल," रिजवान समजावून म्हणाला. नदीवर पाहुण्यांना सांभाळून नेणं हेच त्याचं काम.

"आये, काढ की. तासाभरात परत घालशील," धैर्यशील म्हणाला. सोनमनं त्याला कोपरानं ढोसलं.

"नवसाचा चुडा हाय त्यो, बाळा."

गेल्या वर्षी मानसिंगच्या अंगावरून वारं गेलं. फौजेतून हवालदार होऊन आलेला, कडेगावच्या उसात उभा राहिला की लांबून ओळखू येणारा माणूस कराडच्या दवाखान्यात उजवा हात-पाय हरवून पडला. तेव्हा तिनं औंधच्या यमाईला हात जोडले. ह्यांना माझ्या पदरात घाल. तुझ्या पायऱ्या हे आपल्या पायांनी चढतील, तोवर तुझ्या नावाचा चुडा उतरवणार नाही. आईनं पदरात घातलं. मानसिंग काठी घेऊन अंगणात हिंडू लागला, पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायचा. सदऱ्याची बटणं तिनं लावायची, भाकरी तिनं कुस्करायची. बोलणं जवळजवळ बंद.

आणि आज सकाळी, पाण्यावरच्या होड्या बघता बघता तो आपणहून म्हणाला होता, "मला जमंल का रं बसाय?"

रिजवाननं हो म्हटलं. पुढं वल्हं मारायला कुणीतरी हवं, तो स्वतः शेजारून दुसरी होडी चालवणार होता. मानसिंगनं एकच अट घातली, "ही बसली तर बसतो. दुसऱ्या कुणी मला पोत्यागत न्यायचं न्हाई."

आता बांगड्यांवरून तिच्या मनाची चाललेली ओढाताण त्यानं पाहिली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "देवीचं मोडू नगंस." डाव्या हातानं तो आपल्या जाकिटाची कडी काढू लागला. कडी निघेना. चेहरा पुन्हा भिंतीकडे वळल्यासारखा झाला.

"आवं, थांबा."

दीपमाला नदीकडे वळली. 'आई, तुझ्याकडं ह्यांना मागितलं ते भिंतीकडं तोंड करून निजायला न्हवं. तू दिलंस. आता मला घेऊ दे. पायऱ्यांचं मी विसरत न्हाई.'

"सोनम, साबण आण गं. चुडा वाढवते."

एकेक बांगडी घसरत आली. तिनं सगळ्या कपाळाला लावून रुमालात बांधल्या. मनगटांवर पांढुरके वळ तेवढे राहिले. कासाराकडेसुद्धा एक तरी बांगडी हातात ठेवूनच बाकीच्या उतरवायच्या, ही रीत. असे उघडे हात तिनं कधी पाहिलेच नव्हते. कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

"सोनम, धागा हाय का?" मानसिंगनं विचारलं.

सोनमनं आपल्या पिवळ्या ओढणीच्या गोंड्यातले दोन धागे ओढून दिले. मानसिंगनं धाग्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातात. गाठ सुटली. पुन्हा घातली. धैर्यशील पुढं सरकला, तशी सोनमनं त्याची बाही धरली. शेवटी दोन्ही मनगटांवर गाठी बसल्या.

"तुमीच बांधलं व्हय," ती म्हणाली.

"मग कोन बांधनार? माझ्याच नावाचं हाय न्हवं."

त्याचा उजवा पंजा रिजवाननं वल्ह्याच्या मुठीवर ठेवून रुमालानं आवळला. खालचा दांडा मानसिंगनं डाव्या हातानं धरला. त्याला डावीकडेच वल्हवता येत होतं, म्हणून तिनं उजवीकडे वल्हं मारायचं ठरलं. होडी काठ सोडून निघाली. दोन्ही बाजूंनी वेली पाण्यापर्यंत लोंबत होत्या. डोक्यावरून एक धनेश पक्षी पंखांचा घरघराट करत गेला. ती वर बघत राहिली आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली.

"मारा की, बाईसाहेब," मागून आवाज आला. "का मलाच एकट्याला जुपलंय?"

वर्षभरात त्यानं तिची थट्टा केली नव्हती. तिनं वल्हं पाण्यात खुपसलं.

"मारतीय की," ती म्हणाली. "तुमचा बैल लय ओढतोय."

तो हसला. होडी सरळ झाली.

परत काठाला लागल्यावर धैर्यशील वडिलांना उचलायला गुडघाभर पाण्यात आला. दीपमालानं मान हलवली.

"उतरू दे त्यांना."

मानसिंगनं पाय पाण्यात टाकला, डुगडुगला, होडीची कड धरून उभा राहिला. मग ओल्या वाळूत चालू लागला. डाव्या पावलाचा ठसा खोल उमटत होता, उजव्याचा लांब ओरखडा. दीपमाला मागोमाग निघाली, जरा बाजूनं, त्या ओरखड्यांवर आपला पाय पडू न देता.